दारू कमी करायची आहे: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला कर सल्लागार आहे. दिवसभर लोकांचे हिशेब बघतो. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पिण्याचा हिशेब मांडला, आकडा बघून हादरलो आणि पिणं बरंच कमी केलं. तेव्हापासून मित्र, क्लायंट आणि मित्रांच्या बायकाही हळूच बाजूला घेऊन तेच तेच विचारतात. ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरच लागतो तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे, तो भाग कृपया वगळू नका.

मी काही बेवडा नाही. मग हे सगळं माझ्यासाठी आहे का?

बहुतेक तुमच्यासाठीच आहे. आपल्याकडे पिणाऱ्यांचे दोनच कप्पे आहेत. एक गटाराच्या कडेला पडलेला बेवडा, दुसरे आपण सगळे, 'लिमिटमध्ये' घेणारे. या दोघांच्या मधे भलंमोठं मैदान आहे आणि मी अकरा वर्षं त्याच मैदानात होतो. नोकरी-धंदा नीट, हप्ते वेळेवर, कधी कुणावर हात उचलला नाही. फक्त संध्याकाळी साडेसातला कपाटाकडे पाय वळायचे.

'मी दारुडा आहे का?' हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण त्याचं उत्तर आपण आधीच 'नाही' असं ठरवून आलेलो असतो. त्याऐवजी विचारा: ठरवल्यापेक्षा जास्त किती वेळा होते? न घेतलेल्या संध्याकाळी चिडचिड होते का? कुणी विषय काढला की राग येतो का? जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे, व्यसनमुक्ती केंद्रात ती मिळते. पाच मिनिटांत होते. खरी उत्तरं दिली तर चांगलीच बोलकी आहे.

माझे दोनच पेग असतात. दोन म्हणजे कमीच ना?

दोन कशाचे, त्यावर आहे. इथे थोडं थांबतो, कारण माझी गाडी याच वळणावर फिरली.

डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर बघून विचारलं, "किती घेता?" मी म्हणालो, "आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन पेग." म्हणजे आठ. त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं. घरी आलो. मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण असतं ना, मिलीच्या रेघा असलेलं, ते घेतलं. माझ्या नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखीच ओतली, दोन बोटं आणि वर थोडी. मग ती झाकणाने मोजत दुसऱ्या ग्लासात काढली. पंचाहत्तर मिली भरली. बारमध्ये स्मॉल ३० मिलीचा आणि लार्ज ६० चा. माझा घरचा 'एक' लार्जच्याही पुढे होता.

आता हिशेब बघा. आपल्याकडची 'इंग्लिश', म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडी, साधारण ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलीत जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. हे एक माप धरा. मग:

९० मिली म्हणजे ३ मापं. क्वार्टर, १८० मिली, म्हणजे ६.
५ टक्क्यांच्या माइल्ड बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे अडीच मापं.
तीच बाटली ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची असेल तर ४.
वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साधारण दीड.

माझे आठ 'पेग' म्हणजे २० मापं झाली. शनिवारी दोन स्ट्राँग बिअर असायच्या, त्या मी धरतच नव्हतो, कारण बिअर म्हणजे काय दारू आहे का! त्यांची आठ. एकूण अठ्ठावीस. डॉक्टरांना आठ सांगून आलो होतो. क्लायंटने असं रिटर्न भरलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही कमी करू नका. फक्त मोजा आणि लिहा. मोबाईलमध्ये, डायरीत, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, कुठेही. ग्लासात ओतण्याआधी लिहायचं, नंतर नाही. तिसऱ्या पेगनंतर माणूस हिशेबाच्या कामाचा राहत नाही.

किती घेतली तर चालते? सेफ लिमिट काय?

जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या तिच्या संस्थेने तर १९८८ मध्येच अल्कोहोलयुक्त पेयांना तंबाखूच्या रांगेत, पहिल्या गटात बसवलं. शरीरात अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध आहे. पिता पिता गुटखा-सिगरेट ओढणाऱ्याला तोंड-घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

याचा अर्थ एका बिअरने माणूस मरतो असा नाही. जितकी कमी, तितका धोका कमी, एवढंच.

पण रोज थोडी घेतली तर हार्टला चांगली म्हणतात?

म्हणत होते. जुन्या पाहण्यांमध्ये थोडी पिणारे हे न पिणाऱ्यांपेक्षा ठणठणीत दिसायचे. नंतर लक्षात आलं की 'न पिणाऱ्यां'मध्ये तब्येत बिघडली म्हणून सोडलेले लोकही मोजले होते. ते आजारी दिसणारच.

आणि सर्दीला ब्रँडी?

नको. ऊब वाटते कारण कातडीकडे रक्त जास्त धावतं. प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. लहान मुलांना 'दोन थेंब' देणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांना प्रेमाने थांबवा.

वाइन तर द्राक्षाची. ती दारूत धरायची का?

नाशिककराला हा प्रश्न विचारू नये, पण विचारतात. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचं ठरवलं तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य गावभर झालं होतं. द्राक्ष शेतकऱ्याचं भलं व्हावं असं मलाही वाटतं. यकृताला मात्र शेतकरी कळत नाही, त्याला इथेनॉल कळतं. ते द्राक्षाचं काय, मळीचं काय आणि मोहाचं काय.

मी अख्खा श्रावण पाळतो. म्हणजे मला व्यसन नाही, बरोबर?

अर्धं बरोबर. महिनाभर त्रास न होता राहता येतं, हात थरथरत नाहीत, झोप लागते, ही चांगली खूण आहे. पण गटारीला काय होतं आणि श्रावण सुटल्या दिवशी काय होतं तेही लिहून बघा. आमच्या ग्रुपमध्ये एक जण श्रावणाच्या आधीच्या आठवड्यात महिन्याचा कोटा संपवतो. वर म्हणतो, मी देवाचं बघतो.

श्रावणाचा खरा उपयोग वेगळा आहे. त्या महिन्यात 'का घेत नाहीस?' असं कुणी विचारत नाही. 'श्रावण आहे' म्हटलं की विषय संपतो. गळ्यात तुळशीची माळ असेल तर वर्षभर संपतो. माळकऱ्याला गावात कुणी 'एकच घे रे' म्हणत नाही, उलट त्याच्यासाठी ताट वेगळं लावतात. आपल्याकडे नकाराला मान आहे, पण त्याला देवाची सही लागते. मला माळ झेपली नसती. मी श्रावण मार्गशीर्षापर्यंत ताणला आणि तोवर लोकांनी विचारणं सोडलं.

मित्र ऐकत नाहीत. पार्टीत नाही कसं म्हणायचं?

लांबलचक कारण देऊ नका. कारण दिलं की त्याला तोड निघते. 'गाडी चालवायचीय' म्हटलं की 'कॅब करू', 'गोळ्या चालू आहेत' म्हटलं की 'माझ्या मेहुण्याच्या पण चालू आहेत'. 'आज नाही' हे दोन शब्द पुरतात. त्याला उत्तर नसतं.

दुसरी युक्ती म्हणजे हात रिकामा ठेवायचा नाही. बसल्या बसल्या वेटरला लिंबू सोडा खारा सांगायचा. पहिल्यांदा मी सांगितला तेव्हा वेटरने तो टेबलावरच्या पाहुण्याच्या मुलीसमोर नेऊन ठेवला होता. आता तो न विचारता आणतो. तासाभराने कुणाच्या ग्लासात काय आहे ते कुणाला दिसतही नाही.

चकणा जरा जपून. शेंगदाणे, चिवडा, मसाला पापड हे तहान वाढवायलाच असतं.

आणि एखादा मित्र फक्त पिण्यापुरताच मित्र होता असं कळेल. मला दोन जणांबाबत कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

एकदम बंद करू की हळूहळू?

आधी हे वाचा. तुम्ही रोज आणि भरपूर घेत असाल, सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, एक घोट घेतल्यावरच बरं वाटत असेल, तर घरी मनाने एकदम बंद करू नका. शरीर दारूला सवकलेलं असतं, ती अचानक काढली की उसळतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच थरथर, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, भान हरपणं असा प्रकार होऊ शकतो, त्यात जीवही जातो. दवाखान्यात हे औषधांनी आटोक्यात ठेवतात, बी-१ जीवनसत्त्वही देतात. 'चार दिवस कोंडून ठेवा, उतरेल' हा घरगुती इलाज धोक्याचा आहे. आधी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यातलं काही होत नसेल तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. मी हळूहळू आलो. आधी चार दिवस कोरडे ठरवले, सोमवार ते गुरुवार. मग घरी पिणं बंद. मग बाहेर मोजून दोन स्मॉल. काही लोकांना 'दोन' जमतच नाहीत. दोन झाले की सहा होतात, दर वेळी. त्यांना शून्य सोपं जातं. तुम्ही कोणत्या जातीचे, ते लिहिलेली डायरी महिन्याभरात सांगते.

संध्याकाळी ती वेळ आली की राहवत नाही. काय करू?

जेवा. गंमत नाही, खरंच जेवा. माझ्या 'तलफ' म्हणण्यातली निम्मी निव्वळ भूक होती. दुपारी दीडला जेवलेला माणूस रात्री साडेनऊपर्यंत रिकाम्या पोटी, मग पेग नाही तर काय सुचणार? आता सव्वासातला गरम भाकरी-पिठलं ताटात असतं. पोट भरल्यावर व्हिस्की नकोशी वाटते, करून बघा. उरलेली तलफ वीसेक मिनिटांत उतरते. तेवढ्यात गच्चीवर चक्कर, आंघोळ, कुणाला तरी फोन.

घरात साठा नको. खंबा स्वस्त पडतो म्हणून आणला की तो रोज दिसतो. प्यायचीच असेल तर त्या दिवसापुरती आणा. दुकानापर्यंत जायचा कंटाळा हा माझा सगळ्यात भरवशाचा साथीदार ठरला आहे.

मार्चएंडला मी दोनदा घसरलो. तीन दिवस जुन्या मापाने चाललं. चौथ्या दिवशी डायरीत ते तिन्ही आकडे लिहिले आणि पुढचं पान सुरू केलं.

घेतल्याशिवाय झोप लागत नाही, त्याचं काय?

दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा दुसरा भाग मोडतो. पहाटे तीनला टक्क जाग, घसा कोरडा, छातीत धडधड, हे वयाने होतंय असं मी समजायचो. कमी केल्यावर पहिले आठ-दहा दिवस झोप आणखी बिघडली. मग एक दिवस थेट सहाला जाग आली. बायकोला वाटलं मला बरं नाही.

मी बाई आहे. नियम तोच?

नाही. तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तात प्रमाण जास्त चढतं, कारण शरीरात पाण्याचा अंश कमी असतो. यकृताची इजाही लवकर होते. गरोदरपणात शून्य, 'एखादा ग्लास' नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २७.३ टक्के पुरुष आणि १.६ टक्के स्त्रिया दारू घेतात असं दिसलं. आकडा लहान म्हणून मदत मागणं जास्त अवघड, कारण पुरुषाला 'सुटेल हळूहळू' म्हणणारे तिला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरकडे एकटीने जा. तिथे सांगितलेलं घरी सांगायला ते बांधील नसतात.

नवरा पितो. त्याला न सांगता भाजीत औषध घालता येतं म्हणे?

कृपा करून घालू नका. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींच्या पुड्यांत काय असतं कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते चालू असताना दारू घेतली तर चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होतं, एखाद्याच्या जिवावर बेततं. म्हणून ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊनच देतात. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

बोलायचं तर सकाळी बोला, चहाच्या वेळी. रात्री चढलेल्या माणसाशी केलेलं बोलणं वाऱ्यावर जातं. 'तुम्ही नेहमीच' असं सुरू करू नका. 'परवा मुलीच्या गॅदरिंगला तुम्ही झोपून गेलात' असं एकच घडलेलं सांगा. त्याच्या साहेबाला खोटा फोन करून 'ताप आहे' सांगणं थांबवा. आणि मारहाण होत असेल तर हा प्रश्न दारूचा राहत नाही, आधी सुरक्षित जागी जा. अल-अ‍ॅनॉन या गटात पिणाऱ्यांचे घरचे भेटतात. तो सोडो न सोडो, तुम्ही जाऊ शकता.

रात्री घेतली, सकाळी गाडी चालवली तर चालते ना?

यकृत तासाला साधारण एक माप निकाली काढतं. ताक, लिंबू, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री बारापर्यंत दीड क्वार्टर झाली असेल तर नऊ मापं होतात. काही बसल्या बसल्या जिरली तरी सकाळी सातला रक्तात दारू असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

परमिट असलं की झालं ना?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, म्हणून प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. गंमत अशी की हा परवाना कागदोपत्री 'आरोग्य टिकवण्यासाठी' असतो. माझ्याकडे आजीवन आहे. फॅटी लिव्हरच्या रिपोर्टशेजारी एकाच फाइलमध्ये लावला आहे.

पैसे किती वाचतात?

जून २०२५ च्या दरवाढीनंतर 'इंग्लिश'च्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये झाली. आठवड्याला चार धरल्या तर वर्षाला ४२,६४० रुपये. यात चकणा, बारचं बिल, रात्री उशिराची रिक्षा आणि चढल्यावर 'आजचं बिल माझं' म्हणण्याची हौस धरलेली नाही. माझ्या बाबतीत शेवटचं खातं सगळ्यात मोठं होतं.

तब्येतीत फरक कधी दिसतो?

पोट आणि झोप आधी. यकृतावरची नुसती चरबी असेल तर बंद केल्यावर काही आठवड्यांत उतरू लागते, व्रण पडले असतील तर गोष्ट वेगळी. वजनाचं सांगायचं तर अल्कोहोलच्या एका ग्रॅमला सात कॅलरी, म्हणजे एका क्वार्टरला सव्वाचारशेच्या आसपास. रात्रीच्या जेवणाआधी आणखी एक जेवण. माझं पाच महिन्यांत सहा किलो उतरलं. डायबेटिसच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दारूविषयी डॉक्टरांना खरं सांगा, दोन्ही एकत्र घातक ठरू शकतं.

एकट्याने जमत नाही. कुठे जाऊ?

सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६. दोन्ही मोफत, टेली मानसवर मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून जाता येतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका बऱ्याच शहरांत होतात, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. मी एकदा मित्राला सोडायला गेलो होतो. बाहेर थांबणार होतो, पण पाऊस होता म्हणून आत बसलो. रिक्षावाला, निवृत्त बँक मॅनेजर आणि माझ्याच इमारतीतले एक काका शेजारी शेजारी बसले होते. काकांनी चहा दिला. लिफ्टमध्ये आम्ही त्यावर अजूनही बोलत नाही.

घरात मेव्हण्याने दुबईहून आणलेली भारी बाटली आहे. तिचं काय करू?

सीलबंद असेल तर देऊन टाका, घेणारे रांगेत उभे राहतील. फोडलेली असेल तर मोरीत ओता आणि मागून दोन बादल्या पाणी टाका. मी नुसती ओतली होती. दोन दिवस घरभर वास होता आणि कामवाल्या मावशी माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या.